क्रिप्टो ट्रेडिंगमधून टेक करिअरकडे वळताना: योग्य क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

क्रिप्टोमध्ये पैसे लावणारी पुष्कळ मुलंमुली आज ना उद्या एकच प्रश्न विचारतात: यातलं इतकं कळायला लागलंय, तर यातच करिअर का करू नये? जरूर करावं. पण बहुतेक जण क्रम उलटा धरतात. आधी नोकरी किंवा कॉलेज सुटतं. मग ट्रेडिंगच्या नफ्यावर वर्ष काढायचा बेत होतो, त्यात घाईघाईने एखादा ब्लॉकचेन (क्रिप्टो ज्यावर चालतं ती सामाईक नोंदवही) कोर्स घुसवला जातो. बाजार पडला की पैसा, अभ्यास आणि उमेद एकदमच खाली येतात. माणूस हुशार असतो, मेहनतीही असतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यामुळे फसतो.

चार्टवरचा भाव ओळखता येणं आणि तो व्यवहार ज्या यंत्रणेवर चालतो ती बांधता येणं, ही दोन निराळी कामं आहेत. पहिलं जमलं म्हणून दुसरं आपोआप येत नाही. मात्र ट्रेडिंग करताना तुमच्या हातून जे व्यवहार झालेत, ते अभ्यासाला उत्तम साहित्य आहे आणि ते बहुतेक जण वाया घालवतात. म्हणून इथला क्रम असा: आधी पैशाचा बंदोबस्त, मग स्वतःच्या जुन्या व्यवहारांचं वाचन, मग साधं प्रोग्रॅमिंग, मग स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारे प्रोग्रॅम), मग दाखवता येईल असं काम. अर्ज सगळ्यात शेवटी.

## पूर्वतयारी

तीन गोष्टी आधी करा. ब्राउझरमध्ये अभ्यासासाठी वेगळं प्रोफाइल तयार करा, ज्यात एक्स्चेंजचं (नाणी खरेदी-विक्रीच्या साइटचं) लॉगिन नाही आणि खऱ्या पैशांचं वॉलेटही (नाणी हाताळणारं ॲप) नाही. फोनवरचे भावाचे सगळे अलर्ट बंद करा. आणि दिवसातली एक ठरावीक वेळ अभ्यासासाठी राखून ठेवा.

अलर्टची गोष्ट किरकोळ वाटेल, पण तीच सगळ्यात जड जाते. शेअर बाजार दुपारी बंद होतो, शनिवार-रविवारी सुट्टी घेतो. क्रिप्टोचा बाजार चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस चालू असतो, त्यामुळे "आता बाजार संपला, अभ्यासाला बसू" असा क्षण तुमच्या वाट्याला येतच नाही. तो तुम्हालाच ठरवावा लागतो. दर दहा मिनिटांनी भाव बघणाऱ्याला पॉइंटर किंवा रिकर्शन समजत नाही, आणि मग तो स्वतःलाच मठ्ठ ठरवतो. तो मठ्ठ नसतो, त्याचं लक्ष दुसरीकडे असतं.

## टप्पा १: पैशाला कुंपण घाला

सुरुवात हिशेबापासून. एक्स्चेंजच्या ॲपमध्ये दिसणारा पोर्टफोलिओचा आकडा बाजूला ठेवा. बँकेतून एक्स्चेंजकडे आजवर एकूण किती गेले आणि एक्स्चेंजकडून बँकेत प्रत्यक्ष किती परत आले, हे दोनच आकडे काढा. त्यांतला फरक हा तुमचा आजवरचा खरा रोख हिशेब. स्क्रीनवर दिसणारा आणि अजून न विकलेला नफा त्यात धरू नका. याच वेळी प्रत्येक एक्स्चेंजवरून व्यवहारांची संपूर्ण सीएसव्ही फाइल उतरवून घ्या. करासाठी ती लागेलच, शिवाय पुढे चौथ्या टप्प्यात तिचंच काम आहे.

आता उघड्या पोझिशन बंद करायच्या, आणि त्यातही क्रम आहे. आधी फ्युचर्स (नाणं न घेता त्याच्या पुढच्या भावावर लावलेले सौदे), मग तारण ठेवून घेतलेली उचल, आणि स्पॉटमधली (थेट विकत घेतलेली) नाणी शेवटी. कारण सरळ आहे: स्पॉटमधलं नाणं पडलं तर कमी भावाचं का होईना, तुमच्याकडे राहतं. लिव्हरेजची, म्हणजे उसन्या पैशाने वाढवलेली, पोझिशन मात्र तुम्ही झोपेत असताना उडते. दहापट लिव्हरेजवर भाव उलट दिशेने साधारण १० टक्के गेला की सगळं मार्जिन (तुम्ही स्वतः ठेवलेली रक्कम) संपतं. प्रत्यक्षात त्याच्या थोडं आधीच लिक्विडेशन (पोझिशन सक्तीने बंद) होतं, कारण एक्स्चेंज काही मार्जिन राखून ठेवतं. शिवाय फी तुमच्या मार्जिनवर लागत नाही, पोझिशनच्या पूर्ण रकमेवर लागते. म्हणजे दहापट लिव्हरेजवर मार्जिनच्या हिशेबात फीसुद्धा दहापट.

"तोटा भरून निघाला की बंद करतो" असं म्हणत असाल तर हे गणित कागदावर मांडा. ५० टक्के तोटा भरून काढायला १०० टक्के नफा लागतो. ८० टक्के तोटा भरून काढायला ४०० टक्के. तोटा भरून निघण्याची वाट बघणं ही काही अभ्यासाची पूर्वअट असू शकत नाही.

सगळं सोडा असा माझा आग्रह नाही. थोडी रक्कम सट्ट्यासाठी ठेवायची असेल तर आकडा लिहून ठेवा, आणि ती संपली तर पुन्हा भरायची नाही हेही त्याच कागदावर लिहा. निदान सहा महिन्यांचा घरखर्च मात्र बँकेत असावा. एक्स्चेंजवर नाही, "स्टेबल" म्हणवणाऱ्या नाण्यातही नाही. माउंट गॉक्स या एक्स्चेंजने २०१४ च्या फेब्रुवारीत आणि एफटीएक्सने २०२२ च्या नोव्हेंबरात पैसे काढणं थांबवलं, तेव्हा लोकांच्या खात्यांत आकडे दिसत होते, फक्त ते काढता येत नव्हते. २०२२ च्या मे महिन्यात टेराचं यूएसटी हे एका डॉलरला बांधलेलं म्हणवणारं नाणं त्या भावापासून सुटलं, आणि ८० डॉलरच्या आसपास असलेलं त्याचं जोडीदार लुना काही दिवसांत जवळपास शून्यावर आलं.

सावधान: "तुमचे बुडालेले क्रिप्टो परत मिळवून देतो" असा मेसेज आला तर तो आधीच्याच फसवणुकीचा पुढचा भाग समजा. कुणी आगाऊ फी मागितली की संभाषण तिथेच थांबवा.

तपासणी: रात्री फोन बंद करून झोपलात आणि सकाळी बाजार निम्म्यावर आलेला दिसला, तर पुढच्या महिन्याचं भाडं आणि किराणा भरता येईल का? उत्तर "हो" येईपर्यंत दुसरा टप्पा सुरू करू नका.

## टप्पा २: वॉलेट वेगळी करा आणि साफ करा

तीन वॉलेट हवीत: साठ्याचं, रोजच्या वापराचं आणि अभ्यासाचं. अभ्यासाच्या वॉलेटचा सीड फ्रेज (वॉलेट पुन्हा उभं करणारे गुप्त शब्द) नवा कोरा असावा आणि त्यात खरा पैसा कधीही टाकू नये. पुढे या वॉलेटची प्रायव्हेट की (व्यवहारांवर सही करणारी गुप्त किल्ली) कोडच्या फाइलजवळ जाणार आहे, आणि तिथे चुका होतातच.

एकाच वॉलेटमध्ये "अकाउंट २", "अकाउंट ३" उघडलं की वेगळं वॉलेट झालं, असा समज फार पसरलेला आहे. ती सगळी खाती एकाच सीड फ्रेजमधून निघतात. फ्रेज गेला की सगळी जातात.

सीड फ्रेज म्हणजे २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले १२ किंवा २४ शब्द, ठरलेल्या क्रमाने. तो कागदावर लिहा. फोटो काढू नका, स्वतःला ईमेल करू नका, नोट्सच्या ॲपमध्ये ठेवू नका; फोटो आणि नोट्स तुमच्या नकळत क्लाउडवर चढतात. लिहून झाल्यावर परीक्षा घ्या: रिकामं वॉलेट पुसून टाका आणि कागदावरून पुन्हा उभं करा. तोच पत्ता आला तर लिहिलेलं बरोबर आहे. ही परीक्षा पैसे टाकण्याआधी घ्यायची.

आता जुन्या परवानग्या. वेगवेगळ्या साइटवर टोकन (चेनवर काढलेली नाणी) विकताना दिलेली "अप्रूव्हल" अजून जिवंत असतात. वॉलेटमधलं "डिस्कनेक्ट" बटण दाबलं की ती गेली, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. डिस्कनेक्टने साइटला तुमचा पत्ता दिसणं थांबतं. परवानगी टोकनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे चेनवर नोंदलेली असते, आणि ती रद्द करायला वेगळा व्यवहार पाठवून गॅस फी (नेटवर्कचं शुल्क) भरावी लागते. सीड फ्रेजच फुटल्याचा संशय असेल तर परवानग्या रद्द करण्यात वेळ घालवू नका; नव्या फ्रेजचं वॉलेट उघडून पैसे तिकडे हलवा.

सावधान: व्यवहारांच्या यादीतून पत्ता कॉपी करू नका. पहिली-शेवटची अक्षरं तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखी असलेले बनावट पत्ते मुद्दाम तुमच्या यादीत आणून सोडले जातात. पत्ता मूळ ठिकाणाहून घ्या आणि मधली अक्षरंही ताडून बघा.

## टप्पा ३: स्वतःचे जुने व्यवहार वाचा

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच शिकायला मिळतं. दुसऱ्याने बनवलेली उदाहरणं वाचण्यापेक्षा ज्यात स्वतःचे पैसे गेले होते तो व्यवहार उघडला की प्रश्न आपोआप सुचतात.

एक्स्चेंजच्या आतली खरेदी-विक्री इथे चालणार नाही. ती त्यांच्या डेटाबेसमधली नोंद असते, चेनवर जात नाही. (हे ऐकून धक्का बसला असेल तर तो पहिला धडा झाला.) स्वतःच्या वॉलेटमधून केलेले व्यवहार इथरस्कॅनसारख्या एक्स्प्लोररवर (चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) उघडा.

एक व्यवहार जवळून बघू. विकेंद्रित एक्स्चेंजवर पहिल्यांदा एखादं टोकन विकायला गेलात तेव्हा वॉलेटने आधी "अप्रूव्ह" मागितलं असेल. तो व्यवहार शोधा. "टू"च्या रकान्यात एक्स्चेंजचा पत्ता दिसणार नाही, टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा दिसेल. "व्हॅल्यू" शून्य ईथर (इथेरियम या चेनचं मूळ नाणं). म्हणजे पैसे कुठेच गेले नाहीत, तरी गॅस फी कापली गेली. आता खालचा "इनपुट डेटा" मूळ स्वरूपात उघडा. "०एक्स"नंतरची पहिली ८ हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ) अक्षरं कोणतं फंक्शन चालवायचं ते सांगतात. त्यापुढची ६४ अक्षरं म्हणजे परवानगी कुणाला दिली त्याचा पत्ता. पत्ता ४० अक्षरांचाच असल्यामुळे सुरुवातीची २४ शून्यं नुसती भरतीची आहेत. शेवटची ६४ अक्षरं म्हणजे रक्कम.

त्या शेवटच्या जागी ओळीने ६४ वेळा "एफ" दिसलं, तर तुम्ही त्या पत्त्यावरच्या कॉन्ट्रॅक्टला जवळपास अमर्याद परवानगी दिलेली आहे. तुम्ही विकलेल्या शंभर टोकनांपुरती नाही, तर पुढे कधीही तुमच्या पत्त्यावर येणाऱ्या त्या प्रकारच्या सगळ्या टोकनांसाठी. त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये खोट निघाली तर तुमच्या सहीशिवाय ती टोकनं उचलली जाऊ शकतात, कारण सही तुम्ही आधीच केलेली आहे.

एवढ्या एका व्यवहारात ईआरसी-२० चा (टोकनच्या ठरलेल्या साच्याचा) नियम, फंक्शनची ओळख, डेटाची मांडणी आणि सुरक्षेचा एक मोठा प्रश्न, असं सगळं आलं. अशाच रीतीने आणखी तीन प्रकारचे व्यवहार उघडा: एक साधं ईथर पाठवल्याचं, एक टोकनची अदलाबदल केल्याचं आणि एक "फेल" झालेलं. फेल झालेल्यात गॅस का गेला, याचं उत्तर स्वतः शोधा. व्यवहार अर्ध्यावर उलटला तरी तोवरचं गणित नेटवर्कला करावं लागलेलं असतं, त्याचे पैसे लागतात. त्या फीचे दोन भाग का दिसतात, हेही बघा. २०२१ च्या ऑगस्टपासून इथेरियमवर मूळ फी जाळून टाकली जाते आणि वरची टिप तेवढी ब्लॉक बनवणाऱ्याला मिळते.

प्रत्येक व्यवहारावर वहीत अर्धं पान लिहा: कोणी सही केली, कोणता कोड चालला, कुणाची शिल्लक बदलली, फी का इतकी. भाव किती होता आणि नफा झाला की नाही, हे त्या पानावर येऊ देऊ नका.

तपासणी: कधीच ट्रेडिंग न केलेल्या एखाद्याला अप्रूव्हलचा तो व्यवहार समजावून सांगा. सांगताना कुठे "ते सिस्टिम करतं" असं तोंडातून निघालं, ते ठिकाण टिपून ठेवा. तिथेच परत अभ्यासाला बसायचं.

## टप्पा ४: साधं प्रोग्रॅमिंग, क्रिप्टोशिवाय

सुरुवात सॉलिडिटीपासून (स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या भाषेपासून) करू नका. पायथॉन किंवा जावास्क्रिप्ट यांपैकी एक भाषा, गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन), कमांड लाइन, एपीआय आणि जेसॉन (प्रोग्रॅममधली माहितीची देवाणघेवाण), आणि एसक्यूएल (डेटाबेसची भाषा). इतकं आलं पाहिजे. क्रिप्टो कंपन्यांमधलंही बरंचसं काम हेच असतं: सर्व्हर, डेटाबेस, वेबसाइट, चाचण्या. आणि बाजार आडवा पडला, भरती थांबली, तर हीच कौशल्यं दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत चालतात. फक्त सॉलिडिटी येणाऱ्याला तसा दुसरा दरवाजा नसतो.

पहिला प्रकल्प तुमच्याकडे तयार आहे: पहिल्या टप्प्यात उतरवलेली सीएसव्ही फाइल. ती वाचून प्रत्येक नाण्याचा सरासरी खरेदी भाव, एकूण फी आणि वसूल झालेला नफा-तोटा काढणारा प्रोग्रॅम लिहा. सोपं वाटतं, पण त्यात खरी डोकेदुखी आहे. तारखांचे टाइमझोन जुळत नाहीत, काही फी नाण्यात कापलेली असते, एका एक्स्चेंजवरून दुसरीकडे हलवलेलं नाणं विक्रीसारखं दिसतं. हे निस्तरणं म्हणजेच नोकरीतलं रोजचं काम.

दशांशांचा सापळाही इथेच भेटेल. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. म्हणून पैसे नेहमी सगळ्यात लहान एककात, पूर्णांकात ठेवायचे. १ ईथर म्हणजे १ वर अठरा शून्यं इतके वेई. आणि जावास्क्रिप्टचा साधा नंबर प्रकार ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ पर्यंतच पूर्णांक बिनचूक धरतो, म्हणजे ०.००९ ईथरच्या थोडं पुढे गेलात की अचूकतेची खात्री संपली. त्यासाठी बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) वापरावा लागतो. शिवाय सगळी टोकनं अठरा दशांशांची नसतात. यूएसडीसी इथेरियमवर सहाच दशांश वापरतं. दोन्ही सारखी धरून केलेला हिशेब एक लाख कोटी पटीने चुकतो.

सावधान: पहिला प्रकल्प म्हणून ट्रेडिंग बॉट घेऊ नका. बॉटने नफा दिला की कोड चांगला वाटतो, तोटा दिला की वाईट. कोडचा दर्जा आणि बाजाराचं नशीब यांची गल्लत होते, आणि पहिल्या टप्प्यात बंद केलेला नळ मागच्या दाराने पुन्हा सुरू होतो.

एआयकडून कोड लिहून घेत असाल तर एकच अट पाळा: प्रत्येक ओळ का आहे हे न बघता सांगता आलं पाहिजे. मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

## टप्पा ५: स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, फक्त टेस्टनेटवर

कोर्स निवडण्याआधी तो शिळा आहे का ते बघा. इथेरियमचं मायनिंग शिकवत असेल तर तो २०२२ च्या सप्टेंबरआधीचा आहे, कारण तेव्हा मायनिंग बंद झालं. रॉपस्टेन, रिंकबी किंवा गोर्ली टेस्टनेटवर (सरावाच्या नेटवर्कवर) काम करायला सांगत असेल तरी जुनाच. ट्रफल या साधनावर उभा असेल तर तेही टाळा. ते बंद करत असल्याचं त्याच्या निर्मात्यांनी २०२३ मध्येच जाहीर केलं. पहिली ओळख रीमिक्सवर करून घ्या, ते ब्राउझरमध्येच चालतं. मग फाउंड्री किंवा हार्डहॅट हे साधन, आणि टेस्टनेट म्हणून सेपोलिया. टेस्टनेटचं ईथर फॉसेटवर (ते वाटणाऱ्या साइटवर) फुकट मिळतं. ते कुणी विकत असेल तर घेऊ नका.

प्रकल्प छोटा घ्या. एक बचत-पेटी: कुणीही पैसे ठेवावेत, ठरलेल्या मुदतीनंतर ज्याचे त्याला काढता यावेत. काम या क्रमाने करा.

१. नियम आधी मराठीत लिहा. "मुदतीआधी कुणालाही काढता येणार नाही. दुसऱ्याचे पैसे कुणालाही काढता येणार नाहीत. ठेवले तेवढेच निघतील."

२. प्रत्येक नियम मोडण्याचा प्रयत्न करणारी चाचणी लिहा. नवशिके फक्त "ठेवले, काढले, जमलं" एवढंच तपासतात. चोर तसं वागत नाही.

३. मग कोड लिहा.

४. सेपोलियावर चढवा आणि एक्स्प्लोररवर सोर्स कोड व्हेरिफाय करा, म्हणजे कुणालाही तो वाचता येईल.

पैसे काढण्याच्या फंक्शनमध्ये दोन ओळींचा क्रम जिवावर बेततो. आधी पैसे पाठवले आणि नंतर वहीतली शिल्लक शून्य केली, तर पैसे घेणारं कॉन्ट्रॅक्ट त्या मधल्या क्षणी पुन्हा "काढा" म्हणू शकतं, आणि वहीत शिल्लक अजून तशीच असते. याला रीएन्ट्रन्सी म्हणतात. २०१६ च्या जूनमध्ये "द डाओ" या सामाईक निधीमधून सुमारे ३६ लाख ईथर याच प्रकारे निघालं, आणि त्यावरच्या उपायाच्या वादातून इथेरियम आणि इथेरियम क्लासिक वेगळे झाले. नियम असा: आधी अटी तपासा, मग शिल्लक बदला, पैसे सगळ्यात शेवटी पाठवा. तुमच्या पेटीत मुद्दाम उलटा क्रम ठेवून स्वतःच हल्ला करून बघा. एकदा तो यशस्वी झालेला पाहिलात की क्रम पाठ करावा लागत नाही.

त्यानंतर पॅरिटी या वॉलेटची घटना वाचा. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अनेक वॉलेट ज्या एका सामाईक कॉन्ट्रॅक्टवर अवलंबून होती, त्याला मालकच नेमलेला नव्हता. कुणीतरी मालक झाला आणि त्याने ते नष्ट केलं. पाच लाखांहून अधिक ईथर कायमचं अडकलं. चोरी झाली नाही, पण पैसे गेलेच. सरावासाठी ओपनझेपलिनचा एथरनॉट हा खेळ घ्या, त्यात खोट असलेली कॉन्ट्रॅक्ट फोडायचीच असतात.

सावधान: प्रायव्हेट की कोडमध्ये लिहू नका, आणि ज्या फाइलमध्ये ठेवाल ती गिटकडून वगळली आहे ना, हे पहिल्या कमिटआधी (बदल गिटमध्ये नोंदवण्याआधी) बघा. गिटहबवर गेलेली की पुढच्या कमिटमध्ये पुसली तरी इतिहासात राहते, आणि अशा की शोधणारे बॉट सतत फिरत असतात. एकदा गेली की ती की जळाली असं धरून नवी बनवा.

सावधान: सरावाची कॉन्ट्रॅक्ट सोडून दुसऱ्यांच्या चालू कॉन्ट्रॅक्टवर प्रयोग करू नका. बग बाउंटी (खोट शोधण्याचं बक्षीस) असेल तर तिची हद्द आणि अटी वाचूनच हात लावा. "फक्त दाखवायला केलं" हा बचाव कायद्यापुढे टिकेल असं धरू नका.

## टप्पा ६: दिशा निवडा

फ्रंटएंड, बॅकएंड, डेटा विश्लेषण, कॉन्ट्रॅक्ट डेव्हलपमेंट, टेस्टिंग, तांत्रिक लेखन, सुरक्षा ऑडिट. नवशिक्यांना यातलं ऑडिट खुणावतं, कारण तिथल्या मोठ्या बक्षिसांच्या बातम्या होतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिली नोकरी बॅकएंड किंवा डेटामध्ये शोधा. ऑडिट करायला आधी दुसऱ्यांचा भरपूर कोड वाचलेला आणि स्वतःचा मोडलेला असावा लागतो. ट्रेडिंगमधून आलेल्यांना डेटाचं काम लवकर जमतं, कारण लिक्विडिटी, स्लिपेज, फंडिंग रेट हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. एसक्यूएल पक्कं केलं की चेनवरच्या डेटावर काम सुरू करता येतं.

## टप्पा ७: दाखवता येईल असं काम

दोन प्रकल्प पुरतात: नफा-तोट्याचा प्रोग्रॅम आणि बचत-पेटी. मात्र दोन्हीच्या रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) हे असावं: काय करतं, कसं चालवायचं, कोणती चूक कशी सापडली आणि काय अजून जमलेलं नाही. शेवटचा मुद्दा गाळू नका. अनुभवी माणूस आधी तोच वाचतो. सीएसव्हीतला खरा डेटा मात्र प्रकाशित करू नका, बनावट आकडे भरलेली नमुना फाइल ठेवा.

ओपन सोर्समध्ये (खुल्या कोडच्या प्रकल्पांत) शिरायचं असेल तर मोठा बदल घेऊन जाऊ नका. कुणीतरी नोंदवलेली अडचण तुमच्या मशीनवर पुन्हा घडवून दाखवा आणि कोणत्या आवृत्तीत, कोणत्या पायऱ्यांनी घडते ते लिहा. देखभाल करणाऱ्यांना याचीच जास्त गरज असते, आणि तुमचं नाव त्यांच्या लक्षात राहतं.

रेझ्युमेत नफ्याचे स्क्रीनशॉट आणि "पाचपट केले" छापाची वाक्यं नकोत. कामाच्या खात्यावर स्वतःच्या खऱ्या वॉलेटचा पत्ताही देऊ नका, कारण तो दिला की तुमची शिल्लक आणि जुना इतिहास कुणालाही वाचता येतो. द्यायचाच तर अभ्यासाच्या वॉलेटचा द्या. त्या वॉलेटमध्ये मुख्य वॉलेटमधून एकदाही पैसे पाठवलेले नसावेत, नाहीतर दोघांचा संबंध चेनवर कायमचा दिसत राहतो.

## टप्पा ८: अर्ज आणि मुलाखत

इथे ताकही फुंकून प्यावं लागतं. २०२२ च्या मार्चमध्ये रोनिन ब्रिजवरून (दोन चेनमध्ये नाणी हलवणाऱ्या यंत्रणेवरून) ६० कोटी डॉलरहून अधिक किमतीचं क्रिप्टो चोरीला गेलं. नऊपैकी पाच व्हॅलिडेटरच्या (व्यवहारांना मंजुरी देणाऱ्यांच्या) की चोरांच्या हाती लागल्या होत्या, आणि नंतर आलेल्या वृत्तांनुसार सुरुवात एका इंजिनिअरला आलेल्या बनावट नोकरीच्या ऑफरच्या फाइलने झाली. अनुभवी इंजिनिअरला जे फसवतं ते नवशिक्याला सहज फसवेल.

नेहमीची पद्धत अशी. भरती करणारा म्हणवणारा माणूस गोड बोलतो, पगार भरघोस सांगतो आणि "छोटी टेस्ट" म्हणून एक रिपॉझिटरी (कोडचं फोल्डर) पाठवतो. तुम्ही ती उतरवून एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची पॅकेज बसवणारी कमांड) चालवता. पॅकेज बसवतानाच त्यातल्या स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर चालू शकतात, त्यासाठी प्रोग्रॅम सुरूही करावा लागत नाही. ब्राउझरमधलं वॉलेट, साठवलेले पासवर्ड, सगळं त्यांच्या आवाक्यात येतं. "व्हिडिओ कॉल चालत नाही, हे ॲप टाका" किंवा "ही कमांड टर्मिनलमध्ये चिकटवा" ही त्याचीच दुसरी रूपं.

उपाय: अनोळखी कोड वेगळ्या कॉम्प्युटरवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडा, जिथे वॉलेट नाही आणि कुठलंही लॉगिन नाही. चालवण्याआधी पॅकेजची फाइल आणि स्क्रिप्टचा भाग वाचून काढा. ईमेलचा डोमेन कंपनीच्या साइटशी अक्षरशः जुळतो का ते बघा, आणि ती जागा कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर आहे का तेही. नोकरीसाठी फी, वॉलेट जोडणं किंवा "टेस्ट ट्रान्झॅक्शन" मागितलं तर तिथेच थांबा.

मुलाखतीत ट्रेडिंगबद्दल विचारलं तर लपवू नका, रंगवूही नका. दोन वाक्यांत खरं सांगा आणि तिसऱ्या टप्प्यातल्या वहीतला एखादा व्यवहार समजावून सांगा. मुलाखत तुमच्या तयारीच्या वाटेवर येते.

तपासणी: अर्ज पाठवण्याआधी बचत-पेटीचं पैसे काढण्याचं फंक्शन कोऱ्या कागदावर लिहून बघा. ओळींचा क्रम का तसा, हे बोलून दाखवता येतंय ना?

## टप्पा ९: ऑफर वाचा, मग राजीनामा

पगाराचा रोख भाग एकट्याने तुमचा महिन्याचा खर्च भागवतो का, हे आधी बघा. टोकनच्या रूपात मिळणारा भाग त्या वेळी शून्य धरा.

"तुम्हाला ५ लाख टोकन देऊ" या आकड्याला अर्थ नाही. एकूण पुरवठा किती, त्याच्या किती टक्के तुमचे, टोकन बाजारात आलेलं आहे का, पुढे नवी टोकन काढायचा अधिकार कुणाकडे, हे विचारा. व्हेस्टिंग (टोकन हळूहळू तुमच्या मालकीची होणं) अनेकदा चार वर्षांचं असतं आणि पहिल्या वर्षाआधी सोडलं तर काहीच हाती येत नाही. व्हेस्टिंग संपल्यावरही विक्रीवर बंदी असू शकते, तिची मुदत वेगळी विचारा. कर टोकन मिळाल्यावर लागतो की विकल्यावर, हे तुमच्या देशाच्या नियमांप्रमाणे कर सल्लागाराकडून आधी समजून घ्या. भाव पडल्यावर, मिळाल्या दिवसाच्या भावाने कर भरायची वेळ आली तर ती फार महागात पडते.

कंपनीचे ट्रेडिंगचे नियमही लेखी मागा. कामावरून कळलेल्या माहितीवर नाणी घेतलीत, किंवा ती माहिती मित्राला सांगितलीत, तर प्रकरण नोकरी जाण्यापुरतं राहत नाही. अमेरिकेत एका मोठ्या एक्स्चेंजच्या माजी कर्मचाऱ्यावर, कोणती नाणी सूचीत येणार ही माहिती फोडल्याबद्दल २०२२ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि २०२३ मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली. पहिल्या टप्प्यात सट्ट्यासाठी राखलेली रक्कम असेल, तर रुजू होण्याआधी ती या नियमांत बसते का ते तपासा आणि बसत नसेल तर रुजू होण्यापूर्वी मोकळी करा.

सही केलेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत सध्याची नोकरी सोडू नका. तोंडी होकार, चॅटवरचा होकार किंवा "पुढच्या फंडिंगनंतर नक्की" यापैकी कशावरही राजीनामा देऊ नका. रुजू झाल्यावर कंपनीचं काम कंपनीच्याच मशीनवर करा, आणि तुमचं साठ्याचं वॉलेट त्या मशीनवर कधीही उघडू नका.